चुकीच्या डोक्यावरची पट्टी

आप्पांना कॅन्सर आहे हे गल्लीतल्या दूधवाल्यापासून पुण्याच्या नणंदेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. फक्त आप्पांना माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. घरात त्या शब्दाला बंदी होती. 'गाठ' म्हणायचं, तेही दुसऱ्या खोलीत. माझ्या नवऱ्याचा, दयानंदचा, तसा हुकूमच होता. "आप्पा खचतील," एवढं एकच वाक्य त्याच्याकडे होतं आणि त्यावर कुणी काही बोललं की तो जेवणाचं ताट सरकवून उठायचा.

आप्पा म्हणजे माझे सासरे, सिद्राम लवटे. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी उभा जन्म बैलांची दलाली केली. आता बाजारात संगणकाचे मोठाले पडदे लागलेत. बैलाच्या कानातला बिल्ला दाखवला की त्याची सगळी कुंडली समोर येते. तरी जुनी माणसं अजून टॉवेलाखालीच सौदा करतात. देणारा आणि घेणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे चारचौघांत तो फुटत नाही. पटलं तर मूठ घट्ट, नाही पटलं तर हात बाहेर. तोंडातून अवाक्षर निघत नाही.

माझं लग्न ठरताना आप्पांनी सवयीनं माझ्या वडलांच्या हातावर टॉवेल टाकला होता. दोघांनी लग्नाचा महिना बोटांवरच ठरवून टाकला. बायका हसून बेजार झाल्या. मग एकाएकी आप्पांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "थांबा. पोरीला इचारलं का कुनी?" मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी दारातूनच हो म्हणाले, पण ते विचारणं मी कधी विसरले नाही.

ऑपरेशनसाठी आम्ही जीपनं सांगलीला निघालो तेव्हा आप्पांचा आवाज पार बसला होता. तरी ते बोलतच होते. माझ्या सासूबाईंचे, म्हणजे आत्तींचे, दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेत. तेव्हापासून आप्पा त्यांना जग सांगत असतात.

"हौसा, डाव्या अंगाला डाळिंबाची बाग लागली बघ. फळांवर कागुद बांधल्यात. एक म्हातारा बांधावर बसलाय, चप्पल हातात घिऊन."

"चप्पल हातात कशाला?"

"काटा मोडला आसंल."

आत्ती हसल्या. मी पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला माहीत होतं आणि त्या दोघांना नव्हतं. डॉक्टर आप्पांचं स्वरयंत्रच काढणार होते.

हे मी रिपोर्टमध्ये वाचलं होतं. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वैद्यकीतलं फार कळत नसलं तरी शब्द शोधून वाचायची सवय आहे. मी दयाला म्हणालेही होते, "अरे, नीट वाच." तो म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय सगळं. सही करायला मी आहे."

पण आता सहीचे दिवस राहिलेले नाहीत. नवा कायदा आल्यापासून मोठ्या ऑपरेशनआधी रुग्णाला 'उमजक' लावावाच लागतो.

उमजक म्हणजे डोक्याभोवती बांधायची एक मऊ पट्टी आणि तळहाताएवढा पडदा. त्यामागचं विज्ञान तसं जुनं आहे. ऐकताना आपला मेंदू नुसता बसून राहत नाही. पुढे काय येणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो. 'चहात साखर घातली' हे ऐकताना त्याला काही होत नाही. 'चहात वाळू घातली' म्हटलं, की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूच्या विद्युत लहरींत एक खळगा पडतो. वाक्य अगदी सरळ असलं, पण ते खोटं आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असलं, तरी खळगा पडतोच. दवाखान्यातली माणसं त्याला 'ठेच' म्हणतात. पूर्वी हा खळगा दिसायला शेकडो वाक्यांची सरासरी काढावी लागे. आता एका माणसाची एका वाक्याला लागलेली ठेचही ओळखता येते.

म्हणून उमजक रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलतो आणि मध्येच मुद्दाम खोटं सांगतो. खोट्याला ठेच लागली तर माणसाला खरं माहीत आहे. नाही लागली तर ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, किंवा सांगूनही पोचलेलं नाही. डॉक्टरांसमोर मान डोलावून 'हो हो, समजलं' म्हणायची आपल्याकडची खोड या पट्टीपुढे चालत नाही. उमज पुरेशी आहे असं पडद्यावर आल्याशिवाय डॉक्टर सुरीला हात लावू शकत नाहीत.

दयाला नेमकी याचीच धास्ती होती. यंत्र आप्पांशी बोललं असतं, तर तो शब्द आलाच असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरझाना सिस्टर पट्टी घेऊन आल्या. रात्रभर खोकून आप्पांचा नुकताच डोळा लागला होता. आत्तींना मी बाहेर बाकावर बसवून आले होते. "त्यांना जाग आली की बांधू. नातेवाईक खाटेच्या पडद्याबाहेर थांबतील," असं सिस्टर म्हणत होत्या, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर कुणाला तरी दम लागला आणि त्या धावल्या. पट्टी आप्पांच्या उशाशी राहिली.

दयानं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि पट्टी स्वतःच्या डोक्याला बांधली.

"काय करतोयस?"

"हळू बोल. सही करतोय, दुसरं काय?"

ती पट्टी पहिल्यांदा ज्याच्या डोक्यावर बसेल तोच रुग्ण, असं यंत्र धरून चालतं. इतकी हुशार वस्तू बनवणाऱ्यांना आमच्याकडची माणसं माहीत नसावीत. इथे बापाच्या जागी मुलानं सही केली तर ती कुणाला चोरी वाटत नाही, सेवा वाटते. मी हात पुढे केला, पण तो असा कळवळून माझ्याकडे बघत होता की माझा हात तिथेच थांबला.

यंत्र हळू आवाजात बोलायला लागलं. "तुमच्या गळ्यात कॅन्सरची गाठ हाय." पडद्यावरची रेघ सरळ गेली. "आपरेशन डाव्या पायाचं हाय." रेघेला खळगा पडला. दयानं माझ्याकडे बघून मान हलवली, जणू परीक्षेत पहिला प्रश्न सोडवलाय. आणखी काही वाक्यं झाली. मग यंत्र म्हणालं, "आपरेशननंतर तुमाला पैल्यासारखं बोलता येईल."

रेघ सरळच राहिली.

पडद्यावर अक्षरं आली. उमज अपुरी.

"का?" दया म्हणाला. "सगळं तर बरोबर होतं."

"शेवटचं खोटं होतं," मी म्हणाले. "तुला ठेच लागली नाही."

"म्हणजे?"

"आप्पांचा आवाज परत येणार नाही, दया. स्वरयंत्र काढून टाकणार आहेत. श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून."

तो खाटेच्या कडेला बसला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, पण त्यानं 'जीव वाचेल' एवढं ऐकलं आणि पुढचं ऐकायचं थांबवलं होतं. बापाच्या वतीनं हो म्हणायला निघालेल्या माणसाला कशाला हो म्हणतोय तेच माहीत नव्हतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

त्यानं पट्टी सोडली आणि माझ्यापुढे धरली. "तू बांध. तुला सगळं माहीत आहे. तू पास होशील."

"वेड लागलंय का तुला?"

"जीव वाचतोय ना? मग आवाजाचं बघू नंतर. सुवर्णा, त्यांना कळलं तर ते नाही म्हणतील. मी ओळखतो त्यांना. नाही म्हणतील आणि मरतील. बाप मारायचाय का मला?"

खरं सांगते, पट्टी मी हातात घेतली होती. मी नक्कीच पास झाले असते. शुद्धीवर येऊन आप्पांनी 'हौसा' म्हणायला तोंड उघडलं असतं आणि आत्ती बाजूला बसून वाट बघत राहिल्या असत्या, हे काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मी खाटेचा पडदा सारला.

"सिस्टर," मी म्हणाले, "पट्टी चुकीच्या डोक्यावर बांधली गेली. नव्यानं सुरू करा."

"ह्या घरात राहायचंय ना तुला?" दया दातओठ खात म्हणाला. पण माझं बोलून झालं होतं.

फरझाना सिस्टरांनी आरडाओरडा केला नाही. पहिली चाचणी रद्द झाल्याचं त्यांनी यंत्रावर नोंदवलं आणि दयाला एवढंच म्हणाल्या, "माझ्या वडलांच्या वेळी मीही हेच केलं असतं. पण करू द्यायचं नसतं." मग त्यांनी आप्पांना हलकेच उठवलं. "बाबा, तुमच्या आजाराबद्दल सगळं सांगायचंय. ऐकताना जवळ कोण असावं हे तुम्ही ठरवायचं. नको असेल तर कुणीही नाही."

आप्पांनी आमच्या तोंडांकडे बघितलं. "समदी ऱ्हाऊ द्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हौसाला आदी आना."

मी आत्तींना आणून त्यांच्या शेजारी बसवलं. पट्टी बांधली. दया भिंतीला टेकून उभा होता, नजर पडद्यावर.

"तुमाला साधी सूज हाय. कॅन्सर न्हाय," यंत्र म्हणालं.

रेघ खोल खाली गेली. दयाच्या रेघेपेक्षाही खोल.

"आप्पा!" दया म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"दलाल हाय मी. तोंड बघून मानूस वळखतो. जलमात कवा 'जेवला का' इचारलं न्हाईस आन एकदम पाय चेपाय लागलास. मला काय कळंना व्हय?"

"मग बोलला का नाही?"

"तू खचला आसतास."

यंत्रानं पुढचं वाक्य घेतलं. "आपरेशननंतर तुमाला पैल्यासारखं बोलता येईल."

रेघ सरळ गेली. बाप आणि लेक एकाच दगडावरून बिनठेचेचे गेले. मी डोळे मिटून घेतले.

ज्या वाक्याला ठेच लागत नाही ते डॉक्टरांनी स्वतः येऊन, स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा नियम आहे. डॉ. बेडेकर आल्या आणि खुर्ची ओढून आप्पांच्या डोळ्यांसमोर बसल्या. त्यांनी काही लपवलं नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला कायमचं छिद्र राहील. गळ्याला लावायचं यंत्र मिळतं, त्यातून डब्यातून आल्यासारखा आवाज निघतो, पण शिकायला महिने जातात आणि सगळ्यांना जमत नाही. फोनवर टाइप केलं तर फोन बोलतो. आप्पांना अक्षरओळख नव्हती. किरणांचा उपचार करून आवाज ठेवता आला असता, पण गाठ या आकाराची असताना वाचायची आशा निम्म्यानं कमी होत होती.

"दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं असेल तर सगळी कागदपत्रं घेऊन जा, ती तुमचीच आहेत," त्या म्हणाल्या. "विचार करायला आठवडा घ्या. त्याहून जास्त मात्र नको."

आप्पांनी आत्तींकडे बघितलं. त्यांचा चेहरा आवाजाच्या दिशेला वळलेला, पापण्या अर्धवट मिटलेल्या.

"मग नगं," आप्पा म्हणाले.

"आप्पा!"

"नगं म्हनलं ना, दया. हिला दिसत न्हाय. मी मुका झालो तर हिनं मला हुडकायचं कसं? भिंतीला हात लावत?"

दया डॉक्टरांकडे वळला. "ह्यांना समजलेलं नाही. समजलं असतं तर नाही कशाला म्हणाले असते? पुन्हा लावा ती पट्टी!"

सिस्टरांनी पुन्हा लावली. यंत्रानं आवाजाचं तेच खोटं वाक्य सांगितलं आणि रेघ पडद्याच्या तळाला जाऊन टेकली. एवढी खोल ठेच मी त्या दिवसात पहिल्यांदा पाहिली.

"त्यांना समजलंय," फरझाना सिस्टर म्हणाल्या. "समजून नको म्हणणं हाही त्यांचा हक्क आहे, दादा."

"आणि माझा?" दया ओरडला. "मी मुलगा आहे त्यांचा! माझा काहीच नाही?" तो बाहेर निघून गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यामुळं." मला ते लागलं, कारण त्या क्षणी ते खरंच होतं. मी पट्टी बांधून गप्प राहिले असते तर आप्पा जगले असते.

तेव्हा आत्ती बोलल्या. इतका वेळ त्या खाटेच्या लोखंडी कडेवर हात ठेवून नुसत्या ऐकत होत्या.

"माझं नाव फुडं करून मराय निघालाय व्हय?"

"हौसा, तसं न्हवं..."

"मला इचारलं? लगीन ठरताना सुनंला इचारलंत, समद्या गावात कौतिक झालं. मला कवा इचारलं? मला मुका नवरा चालंल. मेलेला चालनार न्हाय." त्यांचा आवाज कापत होता, पण त्या रडत नव्हत्या. "तुमचा त्यो टावेलातला धंदा मला शिकवा. त्याला कुटं डोळं लागत्यात? कुटं तोंड लागतंय? सुवर्णा, टावेल आन."

आप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांनी बाजारातल्या परक्या माणसांशी बोटांनी बोलणी केली आणि ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. खरं तर आमच्यातल्या कुणाच्याच आली नव्हती.

आम्ही आठवड्यासाठी घरी परतलो. घराच्या पुढच्या सोप्यात रोज टॉवेलाची शाळा भरायची. मूठ घट्ट म्हणजे हो. हात काढून घेतला तर नको. तळहातावर गोल फिरवलं की भाकरी. वरून खाली रेघ ओढली की पाणी. अंगठा म्हणजे दया. तर्जनी मी, कारण आप्पांच्या मते मी बोट दाखवून शिकवते. आप्पा मुद्दाम तोंड मिटून बसायचे आणि आत्ती चुकायच्या. पाणी मागितलं की दयाला हाक जायची. आप्पा बिनआवाजाचं हसायचे आणि त्या हसण्यातून आता शिट्टी वाजायला लागली होती.

ती शिट्टी रोज वाढत होती. दया माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. जीपची किल्ली खिशात ठेवून तो अंगणात येरझाऱ्या घालायचा. एका दुपारी आप्पांचा श्वास असा अडकला की ते निळे पडले. दयानं त्यांना उचललंच होतं, पण श्वास सुटला तसा त्यांनी हात आडवा केला. शिकवणी अजून संपली नव्हती. दया मटकन खाली बसला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानंही आपला हात टॉवेलाखाली सरकवला.

आठवड्याअखेर आम्ही पुन्हा सांगलीत होतो. आप्पांच्या डोक्याला पट्टी आणि मांडीवर टॉवेल, त्याखाली आत्तींचा हात. सगळ्या खोट्या वाक्यांना ठेच लागली. आवाजाच्या वाक्याला सर्वांत खोल लागली. पडद्यावर आलं, उमज पुरेशी.

"तुमचा निर्णय तुमच्या तोंडानं सांगा," यंत्र म्हणालं.

आप्पांनी आत्तींकडे तोंड वळवलं. दयाचा श्वास मला ऐकू येत होता. टॉवेल किंचित हलला.

"मला इचारत्यात," आत्ती म्हणाल्या आणि टॉवेलाखाली काहीतरी केलं. त्यांच्या मनगटाची शीर ताठ झालेली मला दिसली.

"व्हय," आप्पा यंत्राला म्हणाले. "करा आपरेशन."

स्ट्रेचर आलं. दारापर्यंत आत्ती हात धरून चालल्या. दरवाजापाशी आप्पांनी मान वळवली आणि नेहमीच्या सवयीनं त्यांना सांगितलं, "हौसा, दया रडतुय, बरं का. बाहीनं डोळं पुसतुय. ल्हानपनी पुसायचा तसंच." मग दरवाजा लागला. आप्पांचा आवाज आम्ही ऐकला तो शेवटचा.

ऑपरेशन खूप वेळ चाललं. आप्पांना खाटेवर आणलं तेव्हा गळ्यात नळी होती आणि चेहरा सुजून अनोळखी झाला होता. डॉ. बेडेकर म्हणाल्या की गाठ पूर्ण निघाली. आत्तींना त्यातलं काही पुरेसं वाटेना. "जित्तं हाईत ना? जागं हाईत ना?" असं त्या मला परत परत विचारत होत्या. आप्पांचे डोळे उघडले होते. ओठ हलले, त्यातून काहीच आलं नाही आणि त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली.

मी आत्तींचा हात धरून आप्पांच्या हातावर ठेवला आणि वरून टॉवेल टाकला.

दया माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मग टॉवेल हलला. आत्तींनी मान तिरकी केली, कुणी हळू बोलत असलं की करतात तशी.

"अंगठा," त्या पुटपुटल्या. "म्हंजी दया. मग पानी. दयाला पानी?" त्या थांबल्या. हात पुन्हा हलला. तशीच रेघ, वरून खाली, सावकाश, आणि मग हात अर्धा बाहेर.

"न्हाय न्हाय, कळलं. डोळ्यातलं पानी," आत्ती म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "इचारत्यात, दया रडायचा थांबला का?"